पाटणचे भास्कराचार्य

खानदेशात चाळीसगावच्या दक्षिणेस सह्याद्रीची एक रांग पूर्व-पश्चिम पसरलेली आहे. तिच्या पायथ्याशी, दाट झाडीच्या कुशीत, पाटण नावाचे ठिकाण आहे. चंडिकादेवीच्या देवळामुळे लोक त्याला पाटणादेवी म्हणून ओळखतात. देवीच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की, या रानातील एका शिलालेखाने भारताच्या एका थोर गणितज्ञाची वंशावळ सात शतकांहून अधिक काळ जपून ठेवली. ते गणितज्ञ म्हणजे भास्कराचार्य होत.

प्राचीन ग्रंथकार स्वतःविषयी बहुधा मौन पाळतात. भास्कराचार्यांनी मात्र आपल्या जन्माचे वर्ष स्वतःच सांगून ठेवले आहे. अर्थात ते अंकांत नव्हे, तर शब्दांत. त्या काळी ग्रंथ पद्यात लिहीत आणि पद्यात अंक बसविणे कठीण. म्हणून प्रत्येक अंकासाठी एखादा परिचित शब्द योजीत. रस सहा, म्हणून रस म्हणजे ६. गुण तीन, म्हणून गुण म्हणजे ३. पूर्ण म्हणजे ०. आणि पृथ्वी एकच, म्हणून मही म्हणजे १. हे अंक उजवीकडून डावीकडे मांडले की १०३६ ही संख्या येते. शके १०३६ म्हणजे इसवी सन १११४. त्यानंतर छत्तीस वर्षांनी, म्हणजे इसवी सन ११५० मध्ये, आपण सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ रचला, हेही त्यांनी तेथेच नमूद केले आहे.

आपल्या गावाचे नाव त्यांनी विज्जडविड असे दिले असून ते सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले आहे असे सांगितले आहे. हे गाव कोणते, याविषयी पंडितांत पुष्कळ वाद झाले. कोणी बीड म्हटले, कोणी विजापूर म्हटले. परंतु त्यांच्या नातवाने मठ स्थापला तो पाटणला, आणि सह्याद्रीचा पायथा तेथे आहेच. तेव्हा पाटणचा पक्ष अधिक बळकट मानावा लागतो.

भास्कराचार्यांचे घराणे शांडिल्य गोत्री असून विद्येबद्दल विख्यात होते. पाटणच्या लेखात मूळ पुरुष त्रिविक्रम हा श्रेष्ठ कवी म्हणून वर्णिलेला आहे. त्याचा पुत्र भास्करभट्ट याला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली. त्यानंतर गोविंद, प्रभाकर, मनोरथ आणि महेश्वर असे पुरुष झाले. महेश्वर हे भास्कराचार्यांचे वडील. ते स्वतः नामांकित ज्योतिषी होते आणि पुत्राचे गुरूही तेच होते. आपल्याला जे काही ज्ञान मिळाले ते पित्याच्या चरणांपाशी मिळाले, असे भास्कराचार्यांनी कृतज्ञतेने नमूद केले आहे. घरातच पाठशाळा आणि पिताच आचार्य, असे भाग्य त्यांना लाभले होते. पण अशा घरातील मुलांवर जबाबदारीही मोठी असते. सहा पिढ्यांची कीर्ती पाठीशी उभी असते.

सिद्धान्तशिरोमणीचे चार भाग आहेत. लीलावती हा अंकगणिताचा भाग, बीजगणित हा दुसरा, आणि ग्रहगणित व गोलाध्याय हे ज्योतिषाचे दोन. यांपैकी पहिले दोन इतके लोकप्रिय झाले की, ते स्वतंत्र ग्रंथ म्हणूनच लोक वाचू लागले. पाठ करण्यासाठी सूत्रे पद्यात, उदाहरणेही पद्यात, आणि समजावून देण्यासाठी स्वतःचीच गद्य टीका, अशी भास्कराचार्यांची रचना आहे. गोलाध्यायात पृथ्वीला आधार कशाचा, या प्रश्नाची त्यांनी केलेली चर्चा मोठी मार्मिक आहे. पृथ्वीला कोणी आधार दिला असे मानले तर त्या आधाराला दुसरा आधार हवा, त्याला तिसरा. याला अंत नाही. शेवटी कोणीतरी स्वतःच्या शक्तीने राहते असे मानायचेच, तर पृथ्वीच स्वतःच्या शक्तीने आकाशात राहते असे का मानू नये, असा त्यांचा युक्तिवाद आहे. पृथ्वी जड वस्तूंना आपल्याकडे ओढते, हेही ते सांगतात. एवढ्यावरून कित्येक लोक गुरुत्वाकर्षणाचा नियमच त्यांनी शोधला असे अभिमानाने म्हणतात. पण ते योग्य नव्हे. ओढ आहे असे म्हणणे वेगळे आणि ती किती आहे याचे गणित मांडणे वेगळे. भास्कराचार्यांची थोरवी मोठी आहे. तिला उसन्या अलंकारांची गरज नाही.

त्यांची खरी थोरवी बीजगणितात दिसते. पण त्यांच्या हाती अंकांचे जे साधन आले होते, ते सहजासहजी आलेले नव्हते. पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्याने खेड, पेठ, मंचर ही गावे मागे टाकून नारायणगावी पोहोचावे, तेथून जुन्नरला वळावे आणि आणखी पश्चिमेस घाटमाथ्यावर जावे, म्हणजे नाणेघाट लागतो. तेथील लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. यज्ञांत दक्षिणा म्हणून दिलेल्या हजारो गाईंच्या आणि नाण्यांच्या संख्या त्यात ब्राह्मी अंकांत कोरलेल्या आहेत. मात्र त्या अंकांत दहासाठी निराळे चिन्ह, शंभरासाठी निराळे, हजारासाठी आणखी निराळे. शून्य नाही, आणि अंकाची जागा बदलली की त्याची किंमत बदलावी अशी सोयही नाही. दान मोजण्यास ते अंक पुरेसे होते. पण त्या अंकांत एक लांबलचक गुणाकार करून पाहावा, म्हणजे अडचण ध्यानात येईल. पुढील काही शतकांत भारतात स्थानमूल्याची पद्धत आणि शून्य रूढ झाले. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्य आणि ऋण संख्या यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम घालून दिले. श्रीधर आणि पद्मनाभ यांनी त्यावर ग्रंथ लिहिले. या तिघांचे ग्रंथ फार विस्तृत आहेत, म्हणून त्यांतील सार काढून आपण हे लहानसे बीजगणित रचले, असे भास्कराचार्यांनी ग्रंथाच्या शेवटी मोकळेपणाने सांगितले आहे.

अव्यक्त, म्हणजे माहीत नसलेली राशी, लिहिण्याची त्यांची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. आज शाळेत आपण क्ष लिहितो. भास्कराचार्य यावत्तावत् या शब्दाचे पहिले अक्षर या लिहीत. अव्यक्ते अनेक असली तर पुढे रंगांची नावे येत: काळ्यासाठी का, निळ्यासाठी नी, पिवळ्यासाठी पी. वर्गासाठी व हे अक्षर असे, नुसत्या संख्येपूर्वी रू हे अक्षर असे, आणि ऋण संख्येच्या डोक्यावर एक टिंब देत. युरोपात अक्षरांचा असा पद्धतशीर वापर व्हिएत या फ्रेंच गणितज्ञाने १५९१ मध्ये सुरू केला. तथापि भास्कराचार्यांना चिन्हांचा गर्व नव्हता. चिन्हे ही मंदबुद्धीच्या मनुष्याला समजावे म्हणून योजलेली साधने होत. खरे बीज म्हणजे बुद्धीच, असे त्यांचे मत होते.

आता त्यांच्या ग्रंथातील वानरांचे उदाहरण पाहू. एका रानात वानरांचा एक कळप होता. कळपाच्या आठव्या हिश्शाचा वर्ग केला असता जेवढी संख्या येईल, तेवढे वानर झाडीत आनंदाने बागडत होते. उरलेले बारा टेकडीवर बसून एकमेकांना प्रतिसाद देत ओरडत होते. तर एकूण वानर किती? सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या मुलाला हे चित्र मुद्दाम समजावून सांगावे लागत नाही.

कळपाची संख्या क्ष मानली, तर तिच्या आठव्या हिश्शाचा वर्ग म्हणजे क्ष² भागिले ६४. त्यात १२ मिळविले की क्ष झाला पाहिजे. दोन्ही बाजूंना ६४ ने गुणून सर्व पदे एका बाजूस आणली असता

क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०

असे समीकरण मिळते. डाव्या बाजूस तीन पदे आहेत. हिलाच शाळेत वर्ग त्रिपदी म्हणतात. शाळेतील रीत अशी की, ज्यांची बेरीज ६४ आणि गुणाकार ७६८ होईल अशा दोन संख्या शोधाव्यात. ६० आणि ४ घेतल्या तर गुणाकार २४०, फार लहान. ४० आणि २४ घेतल्या तर ९६०; फार मोठा. ४८ आणि १६ घेतल्या की गुणाकार बरोबर ७६८ येतो. मग त्रिपदीचे अवयव (क्ष − ४८) आणि (क्ष − १६) असे पडतात. दोन अवयवांचा गुणाकार शून्य असेल तर त्यांपैकी एक तरी शून्य असलाच पाहिजे. म्हणून क्ष ४८ असेल किंवा १६ असेल.

या रीतीत एक उणीव आहे. संख्या चाचपडून शोधाव्या लागतात, आणि त्या नेहमी पूर्णांकच असतील याची खात्री नसते. भास्कराचार्यांची रीत याहून निराळी होती. तिला मध्यमाहरण म्हणत. मध्यम म्हणजे मधले पद आणि आहरण म्हणजे काढून टाकणे. वर्ग, अव्यक्त आणि संख्या अशा तीन पदांपैकी मधलेच पद सर्वांत त्रासदायक. ते नसते तर वर्गमूळ काढून काम भागले असते. तेव्हा दोन्ही बाजूंत एखादी संख्या अशी मिळवावी की, डावी बाजू एक पूर्ण वर्ग होईल आणि मधले पद त्या वर्गाच्या पोटात सामावून जाईल. ही युक्ती श्रीधराची. श्रीधराचा बीजगणितावरील ग्रंथ काळाच्या ओघात नष्ट झाला. भास्कराचार्यांनी त्याच्या नावासह हा नियम उतरून घेतला, म्हणूनच तो आज आपल्याला माहीत आहे.

वरील उदाहरणात क्ष² − ६४क्ष = −७६८ असे मांडावे. ६४ चे अर्धे ३२. त्याचा वर्ग १०२४. तो दोन्ही बाजूंत मिळविला की डावीकडे (क्ष − ३२) चा वर्ग होतो आणि उजवीकडे २५६ उरतात. २५६ चे वर्गमूळ १६. येथे भास्कराचार्य थांबतात आणि एक महत्त्वाची गोष्ट दाखवितात. क्ष मधून ३२ वजा केले असता १६ उरतात. पण क्ष हा ३२ हून मोठा आहे की लहान, हे आपल्याला कोठे ठाऊक आहे? मोठा असेल तर क्ष = ३२ + १६ = ४८. लहान असेल तर क्ष = ३२ − १६ = १६. कारण धन १६ चा वर्ग २५६ असतो, तसाच ऋण १६ चाही वर्ग २५६ च असतो.

या दोन रीतींचे नाते वाचकांनी निवांतपणे पाहावे. ज्या दोन संख्यांची बेरीज ६४ आहे, त्या ३२ पासून दोहो बाजूंना सारख्याच अंतरावर असणार. एक जितकी वर, तितकीच दुसरी खाली. त्यांचा गुणाकार म्हणजे ३२ च्या वर्गातून त्या अंतराचा वर्ग वजा केलेला. गुणाकार ७६८ हवा, म्हणून अंतराचा वर्ग १०२४ वजा ७६८, म्हणजे २५६, आणि अंतर १६. म्हणजे मुले ज्या दोन संख्या चाचपडत शोधतात, त्याच मध्यमाहरणाने न चाचपडता हाती येतात. अवयव सहज पडोत वा न पडोत, ही रीत अडत नाही.

उत्तरे मात्र दोन आली. कळप तर एकच. यांपैकी खरे कोणते? दोन्ही ताडून पाहावीत. कळप ४८ चा असेल तर आठवा हिस्सा ६, त्याचा वर्ग ३६, आणि १२ मिळून ४८. कळप १६ चा असेल तर आठवा हिस्सा २, त्याचा वर्ग ४, आणि १२ मिळून १६. दोन्ही बिनतक्रार जुळतात. प्रश्नात जेवढे सांगितले आहे, तेवढ्यावरून यांपैकी एकाची निवड करताच येत नाही. भास्कराचार्यांनी दोन्ही उत्तरे ग्राह्य ठरविली. ज्याला एकाच उत्तराची सवय झाली आहे त्याला हे चमत्कारिक वाटेल. परंतु सोयीसाठी एक उत्तर झाकून ठेवणे त्यांना मान्य नव्हते.

आणि लगेच त्यांनी दुसरे उदाहरण घातले, तेही वानरांचेच. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तितके वानर गुहेत शिरले आणि एक तेवढा फांदीवर चढलेला दिसत होता. याचे समीकरण क्ष² − ५५क्ष + २५० = ० असे होते. ५० आणि ५ यांची बेरीज ५५ आणि गुणाकार २५०, म्हणून अवयव (क्ष − ५०) आणि (क्ष − ५). येथेही उत्तरे दोन: ५० आणि ५. कळप ५० चा घेतला तर पाचवा हिस्सा १०, तीन वजा जाता ७, वर्ग ४९, आणि फांदीवरचा एक मिळून ५०. सर्व ठीक. आता ५ घेऊन पाहा. पाचवा हिस्सा १. त्यातून तीन वजा केले की ऋण २. त्याचा वर्ग ४, आणि एक मिळून ५. अंकांपुरते पाहिले तर हेही जुळते! पण एका वानरातून तीन वानर कसे वजा करणार? म्हणून येथे भास्कराचार्यांनी दुसरे उत्तर टाकून दिले. कारणही दिले, ते असे की, मोजावयाच्या वस्तूंच्या बाबतीत ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही.

या दोन उदाहरणांत त्यांचे सगळे शिक्षकपण दिसते. पहिल्या उदाहरणाने शिष्याला शिकविले की, दुसरे उत्तर आळसाने सोडू नये. तेवढेच शिकवून ते थांबले असते, तर शिष्याने प्रत्येक वेळी दोन उत्तरे मुकाट्याने लिहून दिली असती. म्हणून दुसऱ्या उदाहरणाने, दिसायला अगदी तसेच असूनही, आलेले उत्तर पुन्हा मूळ प्रश्नाकडे नेऊन तपासावे लागते हे दाखविले. नियम सांगणारे शिक्षक पुष्कळ असतात. नियमाची मर्यादा दाखविण्यासाठी नेमके उदाहरण रचणारे विरळा.

त्यांच्या उदाहरणांचा संसार असा सजीव आहे. कमळात अडकलेल्या भुंग्यासाठी बाहेर गुणगुणणारी भ्रमरी तेथे आहे. त्या थव्यातील भुंगे ७२ निघतात. कर्णावर चालून जाणारा अर्जुन आहे. त्याने भात्यातील अर्ध्या बाणांनी कर्णाचे बाण तोडले, सर्व बाणांच्या वर्गमुळाच्या चौपट बाणांनी घोडे मारले, सहांनी शल्याला गाठले, तिहींनी छत्र, ध्वज व धनुष्य छेदले आणि एकाने कर्णाचे मस्तक उडविले. बाणांच्या वर्गमुळाला क्ष मानले की क्ष² − ८क्ष − २० = ० ही त्रिपदी मिळते. तिचे अवयव (क्ष − १०) आणि (क्ष + २). तेव्हा क्ष १०, आणि बाण १००. महाभारत ज्याच्या कानावरून गेले आहे अशा मुलाला हे समीकरण परके वाटणार नाही.

याहून कठीण असे एक प्रकरण त्यांच्या बीजगणितात आहे, त्याला चक्रवाल म्हणतात. एका वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्गच यावा, अशी संख्या कोणती, असा तेथील प्रश्न आहे. सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० हे आहे! १६५७ मध्ये फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने हाच ६१ चा प्रश्न युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून टाकला. भास्कराचार्यांनी तो पाचशे वर्षांपूर्वी काही थोड्या ओळींत सोडविला होता. मात्र ही रीत मुळात त्यांची एकट्याची नव्हे; त्यांच्यापूर्वी जयदेव नावाच्या गणितज्ञाने ती दिलेली आहे.

लीलावती या नावाभोवती एक करुण कथा गुंफली गेली आहे. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या. तिच्या विवाहाचा एकच शुभ क्षण होता. तो साधण्यासाठी पाण्यात घटिकापात्र ठेवले. कुतूहलाने डोकावणाऱ्या मुलीच्या अलंकारातील एक मोती त्यात पडला आणि पात्राचे छिद्र बुजले. पात्र बुडालेच नाही, क्षण निघून गेला आणि विवाह राहिला. मग पित्याने तिचे नाव अमर करण्यासाठी ग्रंथाला तिचे नाव दिले. कथा हृदयस्पर्शी आहे, यात शंका नाही. पण ती आढळते ती अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ मध्ये केलेल्या लीलावतीच्या फारसी भाषांतरात. म्हणजे ग्रंथ रचल्यानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. पाटणच्या शिलालेखात या कन्येचा उल्लेख नाही. ग्रंथात प्रश्न विचारताना एका चतुर मुलीला संबोधिले आहे, एवढे मात्र खरे. त्या काळी गणिताचा ग्रंथ एका मुलीशी बोलत बोलत लिहावा असे आचार्यांना वाटले, हीच गोष्ट कथेपेक्षा अधिक मोलाची आहे.

सिद्धान्तशिरोमणीनंतरही त्यांचे अध्ययन थांबले नाही. इसवी सन ११८३ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ सिद्ध केला. पंचांग करणाऱ्यांना ग्रहांची स्थाने थोड्या श्रमात काढता यावीत, हा त्याचा हेतू. विद्वानांसाठी मोठा सिद्धान्त लिहिलेल्या पुरुषाने उतारवयात रोजच्या व्यवहारातील ज्योतिषांसाठी सोपे कोष्टक लिहावे, हे विशेष होय.

पुढे त्यांच्या ग्रंथांचा प्रवास दूरवर झाला. १५४५ मध्ये गणेश दैवज्ञाने लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. फैजीनंतर शहाजहानच्या काळात बीजगणिताचेही फारसी भाषांतर झाले. १८१६ मध्ये जॉन टेलर याचे लीलावतीचे इंग्रजी भाषांतर मुंबईत छापले गेले, आणि १८१७ मध्ये कोलब्रुक याने लीलावती व बीजगणित ही दोन्ही मूळ संस्कृतावरून इंग्रजीत आणली. अशा भाषांतरांतून वानरांचा तो कळप युरोपच्या विद्वानांपुढे गेला. १८९६ मध्ये शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला. त्यात भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा परामर्श घेताना त्यांनी गुणांबरोबर मर्यादाही दाखविल्या आहेत. १९७९ आणि १९८१ मध्ये अवकाशात गेलेल्या भारताच्या दोन उपग्रहांना भास्कर हे नाव देण्यात आले.

भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर हाही मोठा पंडित होता. यादव राजा जैत्रपाल याने त्याला मुद्दाम बोलावून नेऊन आपल्या पंडितांत अग्रस्थान दिले. लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा यादवसम्राट सिंघणाच्या पदरी मुख्य ज्योतिषी होता. राजाश्रय होता, मानमरातब होता. पण त्याला चिंता होती ती आजोबांच्या ग्रंथांची. छापखाने नसलेल्या त्या काळी ग्रंथ जगत असे तो शिकविणारा आणि शिकणारा यांच्या मुखाने व हाताने. एखाद्या पिढीत ही साखळी तुटली की ग्रंथ गेला. श्रीधराच्या बीजगणिताचे तेच झाले. म्हणून चांगदेवाने पाटण येथे एक मठ स्थापन केला. भास्कराचार्यांचे सिद्धान्तशिरोमणी इत्यादी ग्रंथ आणि त्यांच्या वंशजांचे ग्रंथ तेथे नियमाने शिकविले जावेत, असे ठरवून दिले. इसवी सन १२०७ च्या सुमारास चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी तेथील निकुंभवंशीय अधिपती सोइदेव याने या मठाला जमीन व उत्पन्न लावून दिले, आणि ही सर्व हकीकत शिळेवर कोरण्यात आली. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख वाचून विद्वानांपुढे आणला.

लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. त्यात घराण्याची स्तुती आहे, राजांची नावे आहेत. शेवटच्या काही ओळी मात्र मराठीत आहेत. त्या गावच्या बाजारासाठी आहेत, म्हणून बाजारच्या भाषेत आहेत. पाटणच्या पेठेत जो माल विक्रीस येईल त्यावरचा राजाकडे जाणारा कर मठाला दिला आहे. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या घ्यावयाच्या आहेत. आणि गावात जेवढे घाणे फिरतील, तेवढ्या घाण्यांमागे एकेक पळी तेल मठात पोहोचवावयाचे आहे.